‘बरे वाटणे’ कसे मोजावे? : प्रौढांच्या विषाणूजन्य श्वसनविकारांतील लक्षण-प्रश्नावल्यांच्या सप्रमाणतेची चिकित्सा

गोषवारा : सर्दी, इन्फ्लुएन्झा, कोविड-१९ यांसारख्या आजारांत एखादे औषध उपयोगी पडले की नाही, याचा निर्णय पुष्कळदा रुग्णाने स्वतः भरलेल्या लक्षण-प्रश्नावलीवरून केला जातो. प्रस्तुत लेखात ‘विस्कॉन्सिन अप्पर रेस्पिरेटरी सिम्प्टम सर्व्हे’ आणि ‘फ्लू-प्रो’ या दोन प्रश्नावल्यांच्या आधारे अशा साधनांच्या विश्वसनीयतेचे व सप्रमाणतेचे दावे तपासले आहेत. या साधनांचे मराठी रूप करताना उभ्या राहणाऱ्या प्रश्नांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : लक्षण-प्रश्नावली, सप्रमाणता, विश्वसनीयता, इन्फ्लुएन्झा, भाषांतर.

प्रस्तावना

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, तेव्हा तपासणी केंद्रांसमोर लागलेल्या रांगा अनेकांच्या स्मरणात असतील. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची ए, बी आणि सी अशी वर्गवारी जाहीर केली. सौम्य ताप आणि खोकला किंवा घसादुखी असेल तर ‘ए’; त्याला तपासणी नाही, ऑसेल्टामिव्हिरही नाही. तीव्र ताप व तीव्र घसादुखी असेल तर ‘बी’. धाप लागणे, छातीत दुखणे अशी लक्षणे असतील तर ‘सी’. त्याची तपासणी करून त्याला रुग्णालयात दाखल करावयाचे. साथीच्या धामधुमीत ही व्यवस्था उपयुक्तच होती. परंतु तीत एक प्रश्न दडलेला होता. ताप तापमापीने मोजता येतो. घसादुखी ‘सौम्य’ की ‘तीव्र’ हे कोणी आणि कशाने ठरवावयाचे? रुग्णाच्या शब्दाखेरीज तेथे दुसरे माप नाही.

रुग्णाच्या या शब्दाला मापाचा दर्जा देण्याचा प्रयत्न म्हणजे लक्षण-प्रश्नावली. वरवर पाहता हा विषय वैद्यकशास्त्राच्या अंगणातला वाटतो. परंतु मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य अशा सर्वच शाखांतील आपले संशोधन प्रश्नावलीवर उभे असते आणि ‘प्रश्नावली प्रमाणित आहे’ हे वाक्य आपण सारेच लिहितो. ते वाक्य लिहिण्याचा अधिकार केव्हा प्राप्त होतो, हे पाहण्यासाठी श्वसनविकारांच्या प्रश्नावल्यांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कारण येथे प्रश्नावली चुकली तर केवळ प्रबंध चुकत नाही. एखादे निरुपयोगी औषध बाजारात येते किंवा उपयोगी औषध बाद होते.

संशोधकाच्या यादीपासून रुग्णाच्या यादीपर्यंत

या परंपरेचा आरंभ सामान्यतः जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून धरला जातो. सर्दी झालेल्या माणसांच्या नाकातील स्राव गाळून तो निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात घालावयाचा आणि त्यांना सर्दी होते का ते पाहावयाचे, असा तो प्रयोग होता. शिंका, नाक वाहणे, नाक चोंदणे, घसादुखी, खोकला, डोकेदुखी, अस्वस्थता आणि थंडी वाजणे अशी आठ लक्षणे नोंदवून त्यांच्या तीव्रतेचे गुण दिले जात. पुढील कित्येक दशके सर्दीवरील औषधांच्या चाचण्यांत हीच यादी, कधी जशीच्या तशी, कधी थोडा फेरफार करून, वापरली गेली. यादी सोयीची होती यात शंका नाही. पण ती संशोधकाने केलेली होती. सर्दी झालेल्या माणसाला नेमके काय जाचते, हे त्याला विचारून ती सिद्ध झाली नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रूस बॅरेट यांच्या गटाकडे जाते. २००२ मध्ये पुढे आलेल्या त्यांच्या प्रश्नावलीत ४४ प्रश्न होते : एक आजाराच्या एकंदर तीव्रतेविषयी, ३२ लक्षणांविषयी, १० दैनंदिन जीवनातील अडथळ्यांविषयी आणि एक ‘कालच्या तुलनेत आज कसे आहे’ याविषयी. सर्दी झालेल्या लोकांच्या मुलाखती व गटचर्चा यांतून हे प्रश्न आले. पुढे तिचे २१ प्रश्नांचे संक्षिप्त रूप तयार झाले आणि २००९ मध्ये २३० व्यक्तींच्या दैनंदिन नोंदींवरून त्याची सप्रमाणता तपासण्यात आली. या संक्षिप्त रूपात लक्षणांचे प्रश्न दहा आणि जीवनव्यवहाराचे नऊ आहेत. नीट विचार करता येतो का, झोप लागते का, जिना चढवतो का, घरातले काम होते का, माणसांत मिसळावेसे वाटते का, हे प्रश्न जॅक्सनच्या यादीत नव्हते. सर्दी हा नाकाचा आजार असला तरी तो नाकापुरता राहत नाही, ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट येथे प्रथमच मापनात आली.

‘फ्लू-प्रो’ ही प्रश्नावली याच वाटेने, पण अधिक शिस्तीने पुढे गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००९ मध्ये रुग्णकथित परिणामांच्या मापनाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. प्रश्न रुग्णांच्या बोलण्यातून यावेत, त्यांना ते समजतात याचा पुरावा असावा, ही त्यांतील मुख्य अट. त्यानुसार अमेरिका व मेक्सिको येथील रुग्णांच्या मुलाखती घेऊन ‘फ्लू-प्रो’ची बांधणी झाली आणि ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२ प्रश्न असून ते सहा क्षेत्रांत विभागले आहेत : नाक ४, घसा ३, डोळे ३, छाती ७, पोट ४ आणि सर्वांग ११. गेल्या चोवीस तासांतील स्थितीचे उत्तर ० ते ४ या श्रेणीवर द्यावयाचे असते. २०१८ मध्ये इन्फ्लुएन्झाचे निदान पक्के झालेल्या २२१ प्रौढांच्या नोंदींवरून तिची विश्वसनीयता, सप्रमाणता आणि बदल टिपण्याची क्षमता यांचे निष्कर्ष मांडले गेले. कोविड-१९ च्या काळात वास व चव यांविषयीचे दोन प्रश्न जोडून तिची ३४ प्रश्नांची आवृत्तीही करण्यात आली.

आशय सप्रमाणतेच्या, म्हणजे ‘जे विचारावयास हवे ते विचारले आहे का’ या कसोटीवर, या दोन्ही प्रश्नावल्या जॅक्सनच्या यादीपेक्षा निःसंशय सरस आहेत. पुढील आक्षेप त्या कामाचे मोल कमी करण्यासाठी नाहीत. ‘सप्रमाणता सिद्ध झाली’ या शब्दप्रयोगाखाली नेमके काय सिद्ध झाले आणि काय सिद्ध व्हावयाचे राहिले, एवढेच पाहावयाचे आहे.

अल्फाचा मोह

अशा अभ्यासांत पहिला आकडा येतो तो क्रोनबॅक अल्फाचा. ली क्रोनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा सहगुणक आपल्या महाविद्यालयीन संशोधनातही इतका रुळला आहे, की संगणकाने ०.७० च्या वरचा आकडा दाखविला की प्रश्नावलीवर जणू सरकारी मोहोर उमटली असे समजले जाते. एम.फिल.च्या कितीतरी प्रबंधिकांत सप्रमाणतेचे प्रकरण याच एका आकड्यावर संपते.

अल्फा काय सांगतो? प्रश्नांची उत्तरे परस्परांशी किती जुळतात, एवढेच. आणि तेही प्रश्नांच्या संख्येवर अवलंबून असते. समजा, प्रश्नांमधील सरासरी सहसंबंध अवघा ०.२० आहे. प्रश्न दहा असतील तर प्रमाणित अल्फा सुमारे ०.७१ येतो, सहसंबंध तोच ठेवून प्रश्न ३२ केले तर तो ०.८९ होतो. प्रश्न अधिक चांगले झाले म्हणून नव्हे, अधिक झाले म्हणून. ‘फ्लू-प्रो’च्या छाती या क्षेत्रातील सात प्रश्नांपैकी चार खोकल्याभोवती फिरतात : कोरडा खोकला, ओला खोकला, किती वेळा खोकला आला आणि बेडका पडला का. एकच तक्रार चार दारांनी आत आली तर उत्तरे जुळणारच.

याहून मूलभूत आक्षेप असा. अल्फाच्या मागे एक गृहीतक आहे : सर्व प्रश्न एकाच अदृश्य गुणधर्माची लक्षणे असून ते परस्परांच्या जागी चालू शकतात. बुद्धिमापन चाचणीत हे बऱ्याच अंशी खरे आहे; एक गणित काढून त्याच प्रकारचे दुसरे घातले तर चालते. श्वसनविकारात तसे नाही. जुलाबांच्या जागी डोळ्यांतून पाणी येणे चालत नाही. एखाद्या रुग्णाला ताप नसून केवळ धाप असेल तर त्याची उत्तरे ‘विसंगत’ ठरतील, पण तो आजारी नाही असे कोण म्हणेल? येथे लक्षणे मिळून आजाराचे ओझे घडवितात. ती एकाच कारणाची सारखी प्रतिबिंबे नसतात. अशा मापनात अंतर्गत सुसंगती हा गुण नव्हे, दोषही नव्हे. ती बऱ्याच प्रमाणात अप्रस्तुत आहे. ‘फ्लू-प्रो’च्या कर्त्यांनी सहा क्षेत्रे वेगळी काढून या अडचणीवर अंशतः तोड काढली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु अखेरीस ३२ प्रश्नांच्या सरासरीचा एक एकूण गुणही दिला जातो आणि अडचण पुन्हा मागच्या दाराने येते.

एक साधे उदाहरण घेऊ. एका रुग्णाला श्वास घेण्यास अतिशय त्रास होतो आणि छाती अतिशय आवळल्यासारखी वाटते. अन्य काही नाही. दोन प्रश्नांवर चार-चार, म्हणजे आठ गुण. दुसऱ्याचे नाक मध्यम वाहते, शिंका मध्यम येतात, घसा मध्यम खवखवतो, डोळ्यांना मध्यम पाणी येते. चार प्रश्नांवर दोन-दोन, म्हणजे आठच गुण. दोघांचा एकूण गुण ८ भागिले ३२, म्हणजे ०.२५. पहिल्याला रुग्णालयात न्यावे लागेल. दुसरा उद्या वर्गावर तास घेऊ शकेल. सरासरीला हा भेद दिसत नाही. असा रुग्ण रोज भेटत नाही, हे खरे. पण औषधाची गरज ज्याला सर्वाधिक, तो नेमका असाच असण्याचा संभव अधिक.

कशाशी ताडून पाहावयाचे?

वजनकाटा खरा आहे का हे प्रमाणित वजन ठेवून पाहता येते. घसादुखीचे प्रमाणित वजन कोठेही ठेवलेले नाही. म्हणून निकष सप्रमाणतेऐवजी अप्रत्यक्ष मार्ग घेतला जातो : प्रश्नावलीचा गुण रुग्णाच्या अन्य विधानांशी जुळतो का ते पाहणे. ‘फ्लू-प्रो’च्या बाबतीत आजाराची एकंदर तीव्रता, दैनंदिन कामातील अडथळा आणि ‘आपण नेहमीसारखे झालात का’ हे प्रश्न कसोटी म्हणून वापरले गेले. ज्यांनी ‘झालो’ म्हटले त्यांचे गुण ‘नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा कमी आले. त्यावरून प्रश्नावली बदल टिपते असा निष्कर्ष काढला गेला.

या पद्धतीतील अडचण उघड आहे. कसोटीचा प्रश्नही त्याच रुग्णाला, त्याच दिवशी, त्याच नोंदवहीत विचारलेला असतो. ज्याला आज मोकळे वाटते तो सगळीकडेच मोकळ्या हाताने कमी गुण मांडतो. ज्याची रात्र वाईट गेली तो सगळीकडे जास्त. दोन उत्तरे जुळली यातून माणूस स्वतःशी सुसंगत आहे एवढे कळते. पुनर्चाचणी विश्वसनीयतेलाही हेच लागू पडते. तीव्र आजारात स्थिती रोज पालटते. म्हणून ‘मला काही फरक नाही’ असे सांगणारेच रुग्ण निवडून त्यांचे दोन दिवसांचे गुण ताडून पाहावे लागतात. न्यायाधीश आणि साक्षीदार एकच. दुसरा मार्ग फारसा उपलब्ध नाही, हे खरे असले तरी त्यामुळे पुराव्याची ताकद वाढत नाही.

मग प्रयोगशाळेकडे वळावे काय? विषाणूभार हे तरी वस्तुनिष्ठ माप आहे. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलोक्साविर या औषधाच्या चाचणीने या आशेला मर्यादा घातली. लक्षणे शमण्यास लागलेल्या कालावधीचा मध्यांक बॅलोक्साविर घेणाऱ्यांत ५३.७ तास, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांत ८०.२ तास होता. येथवर सर्व अपेक्षेप्रमाणे. मात्र ऑसेल्टामिव्हिरशी तुलना केली असता बॅलोक्साविरने विषाणूभार लक्षणीय जलद उतरविला, पण लक्षणे शमण्याचा काळ दोहोंत जवळजवळ सारखाच निघाला. विषाणू गेला म्हणून माणूस बरा होत नाही. शरीराची प्रतिक्रिया आपल्या गतीने ओसरते. तेव्हा विषाणूभाराशी सहसंबंध कमी आला म्हणून प्रश्नावली खोटी ठरत नाही. सहसंबंध जास्त आला असता तर उलट रुग्णाला विचारण्याची गरजच काय, असा प्रश्न पडला असता. रुग्णकथनाला स्वतंत्र विषय म्हणून स्वीकारावे लागते, आणि नेमके त्यामुळेच त्याच्या अर्थाची तपासणी अधिक काटेकोर असावी लागते.

गुणांकडून निष्कर्षाकडे

प्रश्नावलीच्या सप्रमाणतेची चर्चा बहुधा गुण मिळेपर्यंत होते. गुणांवरून निष्कर्ष काढताना जे नियम लावले जातात त्यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक औषधाचे भवितव्य तेथे ठरते.

ऑसेल्टामिव्हिरविषयी कोक्रेन गटाने २०१४ मध्ये केलेल्या समालोचनात प्रौढांमध्ये लक्षणे प्रथम शमण्याचा काळ १६.८ तासांनी, म्हणजे ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर आला असे आढळले. ‘प्रथम शमणे’ की ‘कायम शमणे’, एक लक्षण की सर्व लक्षणे, हे बदलले की आकडा बदलतो. निर्माट्रेल्विर-रिटोनाविर या औषधाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘सर्व लक्ष्य-लक्षणे टिकाऊपणे शमणे’ ही कसोटी होती. मध्यांक औषध गटात १२ दिवस आणि निर्गुण गटात १३ दिवस आला, हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ नव्हता. औषध लसवंतांत व कमी जोखमीच्या लोकांत खरोखरच निष्प्रभ असेल. पण ‘सर्व’ या शब्दाचा भारही ध्यानात घेतला पाहिजे. विषाणूजन्य आजारानंतर कोरडी ढास दोन-दोन आठवडे रेंगाळते, हे कोणत्याही घरात ठाऊक असते. एका ढासेपायी उरलेली सगळी लक्षणे ‘न शमलेली’ धरली जात असतील, तर चाचणी औषधाची होते की ढासेची, हा प्रश्न गैरलागू नाही.

आर.एस.व्ही. या विषाणूवरील लसीच्या चाचण्यांत तर लक्षणे केवळ परिणाम मोजत नाहीत, ‘आजार’ म्हणजे काय हेच ठरवितात. साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खालच्या श्वसनमार्गाची किमान दोन लक्षणे किंवा चिन्हे असलेल्या आजाराविरुद्ध लसीची परिणामकारकता ६६.७ टक्के, तर किमान तीन असलेल्या आजाराविरुद्ध ८५.७ टक्के आढळली. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही आधीच ठरवून मोजलेले आहेत. परंतु उंबरठा एका लक्षणाने सरकविला की वृत्तपत्रातला मथळा बदलतो. लक्षणांची अशी मोजदाद करताना प्रत्येक लक्षण एकेक मोजले जाते. घरघर आणि धाप यांचे वजन सारखे.

‘किती फरक पडला म्हणजे पुरे’ या प्रश्नावर बॅरेट यांच्या गटाने दिलेले उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते, आणि त्याची दखल मात्र सर्वांत कमी घेतली गेली आहे. केवळ जाणवण्याइतका फरक शोधण्याऐवजी त्यांनी लोकांना विचारले, की औषधाचा खर्च, गैरसोय आणि दुष्परिणाम पाहता आजार किती कमी झाला तर ते घेणे तुम्हाला परवडेल? जीवनसत्त्व सी, इकिनेशिया, जस्ताच्या गोळ्या आणि एक विषाणूविरोधी औषध अशी उदाहरणे देऊन हे विचारले गेले. अर्थातच उत्तर औषधागणिक बदलते. स्वस्त व निरुपद्रवी उपायाकडून माणूस थोडक्यावर समाधान मानतो, महाग व त्रासदायक औषधाकडून अधिक मागतो. म्हणजे ‘अर्थपूर्ण फरक’ हा प्रश्नावलीच्या अंगचा स्थिरांक नाही. तो त्या समाजातील खिशाशी आणि सवयीशी बांधलेला आहे. अमेरिकेत काढलेला आकडा अन्यत्र जसाच्या तसा वापरणे म्हणजे तेथील बाजारभाव येथे लावण्यासारखे आहे.

प्रश्नावली भरणारा रुग्ण कोण, हाही मुद्दा येथेच येतो. वृद्धांमध्ये इन्फ्लुएन्झा पुष्कळदा तापाविना, केवळ ग्लानी किंवा गोंधळलेपण घेऊन येतो. गोंधळलेल्या माणसाने रोज संध्याकाळी ३२ प्रश्नांची नोंदवही भरावी ही अपेक्षाच विसंगत आहे. सर्वांत आजारी रुग्ण भरू शकत नाही आणि बरा झालेला भरण्याचे विसरतो. दोन्ही टोके गळतात आणि मधल्यांच्या नोंदींवर सप्रमाणता सिद्ध होते.

मराठीत उतरविताना

एका भाषेत प्रमाणित झालेली प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेण्याची पद्धत आता ठरून गेली आहे : दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, उलट भाषांतर आणि अखेरीस काही रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारणे. यांतील उलट भाषांतराला गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. शब्द परत आला म्हणजे अर्थही परत आला असे नाही.

‘फ्लू-प्रो’त ‘थंड वाटणे’ आणि ‘हुडहुडी किंवा कापरे भरणे’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत. मराठी रुग्ण दोहोंसाठी ‘थंडी वाजते’ म्हणतो. ‘हुडहुडी भरणे’ हा शब्द योजून भेद दाखविता येईल, पण पहिल्या प्रश्नाचे काय? ‘गार वाटते’ म्हटले तर तो हवेविषयी बोलतो आहे असे वाटण्याचा संभव. परिणामी एकाच जाणिवेला दोनदा गुण मिळतील आणि सर्वांग या क्षेत्राचे वजन वाढेल. अल्फाही वाढेल, आणि मराठी आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा ‘अधिक विश्वसनीय’ असल्याचा निष्कर्ष कोणीतरी आनंदाने काढील! याउलट घशाच्या बाबतीत मराठी संपन्न आहे. ‘घसा खवखवणे’ आणि ‘घसा दुखणे’ हे मूळ प्रश्नावलीतील दोन भेद नेमके पकडतात. शिवाय ‘घसा बसणे’ आहे, जो ‘फ्लू-प्रो’त नाही, विस्कॉन्सिनच्या प्रश्नावलीत मात्र आहे. ‘सायनसचा दाब’ या प्रश्नाला सामान्य मराठीत शब्द नाही. ‘डोके जड होणे’ आणि ‘कपाळ ठणकणे’ यांतून वाट काढावी लागेल.

काही जाणिवा मूळ प्रश्नावलीत नाहीतच. ‘अंगात कसर आहे’, ‘कणकण वाटते’ असे सांगणाऱ्या माणसाला तापमापी लावली तर पारा चढलेला नसतो. ही जाणीव ‘गरम वाटणे’, ‘अंग दुखणे’ आणि ‘गळून जाणे’ यांच्यामध्ये कोठेतरी आहे. तिचे तीन तुकडे करून तीन प्रश्नांत वाटणे म्हणजे रुग्णाची भाषा ऐकण्याची जी प्रतिज्ञा घेऊन ही प्रश्नावली जन्मली, तीच मोडणे होय. येथे भाषांतर अपुरे पडते. मुलाखतींपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

चवीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोविड-१९ साठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुचविलेल्या चौदा लक्षणांच्या यादीत वास व चव यांचे प्रश्न शेवटी असून त्यांची उत्तरश्रेणीही वेगळी ठेवलेली आहे. मराठीत ‘तोंडाची चव गेली’, ‘तोंडाला चव नाही’ ही कोणत्याही तापातील जुनी तक्रार आहे. तिचा अर्थ बहुधा ‘अन्नावर वासना नाही’ असा असतो. मीठ आणि साखर यांतला फरक कळत नाही असा नव्हे. प्रश्न शब्दशः उतरविला तर कोविड-१९ चे म्हणून गाजलेले लक्षण साध्या पडशातही घरोघर सापडेल.

उत्तरांच्या श्रेणीतही हेच आहे. मूळ पाच पायऱ्या ‘अजिबात नाही’, ‘किंचित’, ‘काहीसे’, ‘बरेच’ आणि ‘खूप’ अशा मांडता येतील. परंतु ‘किंचित’ आणि ‘काहीसे’ यांचा क्रम सर्व मराठी भाषकांच्या मनात एकच असेल याची खात्री देता येत नाही. ‘काहीसे’ हा शब्द बोलण्यात येतोच कोठे? शब्दांचा क्रम लोकांकडून लावून घेऊनच श्रेणी ठरविली पाहिजे, संख्याशास्त्र त्यानंतर.

सर्वांत मोठी अडचण ‘बरे’ या शब्दाची. ‘आता बरे आहे’ म्हणजे आजार गेला, की कालच्यापेक्षा उतार आहे, की विचारणाऱ्याचा मान राखला? डॉक्टरांनी ‘कसं काय, बरं आहे ना?’ म्हटल्यावर ‘बरं आहे’ म्हणणे हा शिष्टाचार आहे, उत्तर नव्हे. प्रश्नावलीतील कसोटीचा प्रश्न नेमका याच शब्दावर उभा राहणार असल्याने तो तीन प्रश्नांत फोडावा लागेल : त्रास पूर्ण थांबला का, रोजची कामे करता येतात का, आणि आजारापूर्वी होतात तसे झालात का. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विशेष जपून वाचावे लागेल. पगारी रजा असलेला माणूस बरे वाटल्यावर कामावर जातो. उसाच्या फडात किंवा बांधकामावर रोजंदारी करणारी बाई तिसऱ्या दिवशी कामावर जाते, कारण चौथ्या दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. ‘रोजच्या कामाला लागलात का?’ या प्रश्नावर तिचे उत्तर ‘हो’ असेल आणि त्याच दिवशी तिच्या ३२ उत्तरांची बेरीज सर्वांत मोठी असेल. प्रचलित पद्धतीने विश्लेषण केल्यास ती नोंद प्रश्नावलीच्या सप्रमाणतेविरुद्ध जाईल. प्रत्यक्षात त्या नोंदीत चुकलेला असतो तो कसोटीचा प्रश्न.